अंधार घेतलेला माणूस

आमच्या नाटक मंडळीत आंधळ्याची भूमिका करणाऱ्याला प्रयोगाच्या दिवशी चहा हातात नेऊन द्यावा लागतो. टेबलावर कप आपटून ‘ठेवलाय हं’ म्हटलेलं चालत नाही. तोंडाला रंग लागला की तो माणूस आंधळा. मग शेवटचा पडदा पडून तोंड धुऊन होईपर्यंत त्यानं कुणाकडे बघायचं नाही, आरशात बघायचं नाही, वाटेत बादली पडली असेल तर ती चुकवायचीसुद्धा नाही. ती इतरांनी हलवायची. याला आम्ही ‘अंधार घेणं’ म्हणतो. ही पद्धत मंडळीच्या संस्थापकांनी पाडली असं म्हणतात. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट कुणाच्या तरी माथी मारायची झाली की ती संस्थापकांच्याच मारतात. ते बिचारे आता नाही म्हणायला येत नाहीत.

मी या मंडळीचा कपडेपट सांभाळते. राजांचे झगे, सैनिकांचे पट्टे, म्हाताऱ्यांच्या शाली, सगळं माझ्या सुईखालून जातं. आणि ज्यांच्याविषयी सांगायला बसले आहे ते माझे भावजी, माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. दिवसा ते फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करत आणि संध्याकाळी नाटक. त्यांच्या बोटांना कायम लाखेचा आणि स्पिरिटचा वास यायचा. माणूस मोठा गमत्या. मी तोंड उघडायच्या आत माझी नक्कल करून मोकळा. तोंडाला रंग लागायच्या आधी मी त्यांच्या पाठीमागे आरशात जीभ काढून दाखवावी, त्यांनी आरशातूनच त्याहून भयंकर तोंड करावं, असा आमचा वर्षानुवर्षांचा खेळ होता. दोघांचे केस पिकायला लागले तरी तो चालला; पुढे मात्र ते आल्याआल्याच रंग लावून अंधार घ्यायला लागले आणि तो राहिला.

भावजींनी आयुष्यात एकच मोठी भूमिका केली, ती आंधळ्याची. नाटक फार जुनं, कुठल्या तरी लांबच्या देशातून कुणीतरी आपल्या भाषेत आणलेलं. एका राजाच्या किल्ल्याचा दरवाजा आतून कुणीतरी उघडतं आणि शत्रू आत घुसतो. कसाबसा त्याला हुसकावून लावल्यावर राजा शपथ घेतो की दरवाजा उघडणाऱ्याला देहांत. चौकशीला तो आपल्या मुलालाच नेमतो. आता दरवाजा मुलानंच उघडलेला आहे, हे शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालासुद्धा पहिल्या अंकात कळतं. राजाला तेवढं कळत नाही. बुरुजावर घंटा वाजवणारा एक आंधळा आहे. त्यानं मुलाची पावलं ऐकलेली असतात. तो राजाला सांगायला जातो, तर राजा म्हणतो, ‘तुला डोळे नाहीत, तू साक्ष कसली देणार?’ पुढे तोंड झाकलेला एक कैदी पुढे येतो, दरवाजा मीच उघडला म्हणतो, नाव सांगत नाही, राजा चिडून त्याचं तोंडही न बघता हुकूम देतो. शेवटी शव दरबारात आणतात. राजा सिंहासनावरून उतरतो, चेहऱ्यावरचं कापड काढतो, मुलाला बघतो आणि म्हणतो, ‘मला दिसत होतं, म्हणून मी पाहिलं नाही.’ पडदा.

आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते या नाटकावर तासभर बोलू शकतात आणि बोलतात. सगळ्या जुन्या शोकांतिकांमध्ये हेच असतं म्हणे. ज्याला डोळे असतात त्याला काही दिसत नाही आणि ज्याला नसतात त्याला सगळं दिसतं. डोळे म्हणजे गर्व, आंधळेपणा म्हणजे ज्ञान. मास्तर हे सांगायला लागले की नवी मुलं माना डोलवतात आणि मी सुईत दोरा ओवत बसते. कारण आमचे बाबा आंधळे होते.

बाबा ऐन उमेदीत आंधळे झाले आणि त्यानंतर बरीच वर्षं जगले. त्यांना ज्ञान-बिन काही झालेलं मी पाहिलं नाही. चपला सापडत नसत, भात संपला की ताटात बोटं फिरत राहत, आणि शेजारी कोण येऊन उभं राहिलंय हे कळलं नाही की ते उगाच हसत. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन,’ असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, “मी तर अर्धा मागून बघितला. बहुतेक माझा अर्ज भलत्याच टेबलावर गेला.” त्यांना हाताला धरून फिरवणं हे ताईचं काम. मी शेंडेफळ, मला कुणी सांगितलं नाही. मैत्रिणी बाहेर पडायच्या तेव्हा ताई बाबांना दवाखान्यात न्यायची, दाढी करायला न्यायची, उन्हात बसवायला न्यायची. ती पुढे आणि तिच्या कोपराला धरून बाबा मागे. आमची ताई म्हटलं की अजूनही मला त्या दोघांची जोडगोळीच आठवते.

भावजी आमच्या घरी आले ते बाबांना बघायला. मास्तरांनी त्यांना आंधळ्याची भूमिका दिली होती आणि कुणीतरी सांगितलं होतं की पलीकडच्या गल्लीत एक खरा आहे. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांची कळी खुलली. “बघा, बघा, नीट बघा,” ते म्हणायचे, “मी कप असा शोधत नाही, नाटकात दाखवतात तसा हवेत हात फिरवत. मी हात टेबलावरून सरकवत नेतो. हवेत फिरवला तर कप सांडतो.” भावजी आठवड्यातून दोनदा यायचे, मग चारदा, मग रोज. बाबांना बघून झालं असावं. बघणं मात्र थांबेना. बाबांनाच आधी कळलं. ते ताईला म्हणाले, “अगं, हा पोरगा माझ्याकडे बघत असता तर त्याचा आवाज माझ्या दिशेनं आला असता.”

लग्न ठरलं तेव्हा ताई मला एक वाक्य बोलली आणि तेच वाक्य तिनं हसत हसत भावजींनाही सांगितलं. “मला एवढंच हवं होतं, चांगले डोळे असलेला माणूस. आता आयुष्यात कुणाला हाताला धरून चालवायचं नाहीये मला.” भावजींनी तेव्हा डोळे मोठ्ठे करून दाखवले होते. त्या घरात ते वाक्य मग गमतीचं झालं. भावजी भाजीतला खडा शोधून दाखवायचे आणि म्हणायचे, “बघ, वसूल.”

ताई नाटकाला मात्र येत नसे. पहिल्यांदा आली आणि मधूनच उठून गेली. भावजींनी बाबांचं सगळं उचललं होतं, ते उगाच हसणंसुद्धा. “घरात जे बघितलं तेच मला तिकीट काढून बघायचं नाही,” ती म्हणाली. त्यानंतर वीस वर्षं ती आली नाही. ती बेकरीत कामाला होती, पहाटे जायची, दुपारी येऊन झोपायची. भावजी संध्याकाळी तालमीला. दोघांची गाठ जेवणाच्या वेळी पडायची, तीही धावती.

मग मंडळीत उलथापालथ झाली. राजाची भूमिका जे गृहस्थ करायचे त्यांना आम्ही महाराजच म्हणतो. त्यांचे गुडघे गेले. सिंहासन चौथऱ्यावर, चौथऱ्याला पायऱ्या, आणि महाराजांना पायरी म्हटली की शिवी आठवायची. मास्तरांनी डोकं चालवलं. आंधळ्याला बुरुजापाशी बसूनच राहायचं असतं, तेव्हा महाराजांना आंधळा करा आणि भावजींना राजा करा, संवाद तर दोघांनाही एकमेकांचे पाठ आहेत. भावजींना ही भूमिका किती वर्षांपासून हवी होती ते फक्त मला माहीत होतं. कपडेपटात कुणी नसलं की ते राजाचा झगा पाठीवर टाकून बघायचे.

पहिल्या रंगीत तालमीच्या दिवशी मी त्यांना राजाचा कंबरपट्टा बांधत होते. राजाला अंधार घ्यायचा नसतो, म्हणजे आमचा खेळ खेळायला मोकळीक. मी त्यांच्या पाठीमागून आरशात जीभ काढली. काही नाही. मी डोळे तिरळे केले, गाल फुगवले. भावजी आरशाकडे तोंड करून शांत उभे. मला वाटलं, राजा झाले तर शिंगं फुटली. मग मी हात वर करून आरशासमोर हलवला. अगदी त्यांच्या नाकासमोर. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

माझ्या दुसऱ्या हातातली टाचणी खाली पडली.

“काय झालं?” ते म्हणाले. “टाचणी पडली वाटतं.”

मी दार लावलं. “भावजी, माझ्या हातात काय आहे?”

 ते हसले, आणि ते हसणं बाबांचं होतं. “एवढी वर्षं कुणाला कळलं नाही,” ते म्हणाले, “आणि मेहुणीबाईंना एका पट्ट्यात कळलं.”

काचबिंदू. कडेकडेनं जात गेलं, मग मधलं. दुखलं काही नाही, म्हणून कळलंही नाही. कळल्यावर ते एकटेच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आता दिवा कुठे आहे तेवढं कळत होतं, बाकी काही नाही. कारखान्यात मालकाला सांगितलं होतं. पॉलिश बोटानंच तपासायचं असतं, रंगाची छटा बघायला दुसऱ्याला जोडीला दिलं. आणि नाटकात? तिथे तर ते आंधळेच होते! आम्ही सगळे त्यांना चहा हातात देत होतो, बादल्या हलवत होतो, विंगेतून हात धरून आणत होतो, आणि ‘काय अंधार घेतो हा माणूस!’ म्हणून एकमेकांकडे बघून माना डोलवत होतो. दुसऱ्या कुठल्याही मंडळीत हे एका दिवसात उघडं पडलं असतं. आमच्याकडे पद्धत होती ना! मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

“ताईला?” मी विचारलं.

“नाही.”

“घरात कसं जमतं हो?”

“घर पाठ आहे. बाकी चष्मा सापडत नाही म्हणतो. तूच वाच म्हणतो. ती म्हणते आळशी झालात. आळशी चालेल.” मग ते खाली बसले. “बाबांना तिनं किती चालवलं, तुला ठाऊक आहे. माझ्या गळ्यात माळ घालताना तिनं एकच गोष्ट मागितली होती गं. तीही मी टिकवू शकलो नाही.”

मी म्हटलं, राजाचं काम सोडा. पायऱ्या आहेत, रंगमंचाच्या कडेखाली वाद्यवाल्यांचा खोल खड्डा आहे, पडाल. आणि ताईला आज सांगा. त्यावर ते म्हणाले, “एक प्रयोग. एकदा मला तो राजा करू दे. पडदा पडला की मी स्वतः तिला सांगतो. तुझ्या देखत सांगतो.” मी हो म्हटलं. ताईची सख्खी बहीण असून मला नाही म्हणता येईना.

त्या दिवसापासून आम्ही दोघं चोरासारखे कामाला लागलो. मी त्यांच्यासाठी पातळ तळव्याचे मऊ जोडे शिवले, की पायाला सगळं लागावं. दरबाराच्या गालिच्याच्या खालच्या बाजूनं जाड सुतळी शिवली, सिंहासनाच्या पायरीपासून थेट शव ठेवायच्या जागेपर्यंत. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं, पण पाऊल पडलं की तळव्याला रेघ लागायची. उरलेलं भावजींनी केलं. दिव्यांच्या उबेवरून ते तोंड कुठे वळवायचं ते ठरवत. कुणी बोलणार असेल तर त्याच्या आधी क्षणभर मान तिकडे फिरवत, म्हणजे पाहिल्यासारखं वाटावं. सिंहासनाच्या पाठीवर हात असा टाकत, की वाटावं ऐटीत टेकलेत. खरं तर ते ठिकाण धरून ठेवत होते. तालमीत एखादवेळी हात जास्त चाचपडला तर मास्तर ओरडायचे, “आंधळा अजून अंगातून गेला नाही तुमच्या! झटका तो!” भावजी म्हणायचे, “झटकतो, झटकतो.”

आणि या सगळ्यातून एक विलक्षण गोष्ट झाली. महाराजांचा राजा गर्विष्ठ होता. छाती काढून चालायचा, आंधळ्याला हसायचा. भावजींचा राजाही तेच शब्द बोलत होता, पण तो राजाच वेगळा होता. हा राजा म्हणजे ज्याला दिसत नाही असा माणूस होता, आणि दरबाराला ते कळू नये म्हणून जिवाच्या आकांतानं राजा बनत होता. ‘तुला डोळे नाहीत, तू साक्ष कसली देणार?’ हे वाक्य महाराज गडगडून म्हणायचे. भावजी ते घाईघाईनं म्हणत. समोरचा आणखी एक शब्द बोलला तर आपलं बिंग फुटेल, अशी ती घाई होती. मी हे नाटक वीस वर्षं विंगेतून ऐकत आले. अशाच एका तालमीत मला पहिल्यांदा वाटलं की राजाला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मी शिवण हातात घेऊन तशीच उभी राहिले. मास्तरही ओरडायचे थांबले होते.

प्रयोग रविवारी दुपारी होता. आदल्या दिवशी ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मी येणार आहे. आता तर डोळस भूमिका आहे ना? मग बघते की.” मी तिला तिकीट दिलं, तिसऱ्या रांगेतलं, आणि तोंड फिरवून कपाट लावायला लागले. भावजींना सांगितलं तेव्हा ते उठून सुतळीवरून आणखी एकदा चालून आले. “येऊ दे,” म्हणाले शेवटी.

पहिले दोन अंक मी श्वास रोखून पार पाडले. भावजी पायऱ्या चढले, उतरले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, खलिता उघडून वाचला. तो उलटा धरला होता, पण ते पहिल्या रांगेलासुद्धा कळलं नसावं. पडद्याच्या फटीतून मी ताईकडे बघत होते. पहिल्या अंकात ती आरामात बसली होती. दुसऱ्या अंकात, राजानं सिंहासनाच्या पाठीवर तो हात टाकला तेव्हा, ती थोडी पुढे सरकली. राजानं बोलणाऱ्याच्या आधी मान वळवली तेव्हा तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मग ती मागे टेकलीच नाही. ते सगळं तिनं रोज जेवताना पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तोच हात, असाच टाकलेला. घरात जे दिसलं नाही ते तिला तिथे, तिसऱ्या रांगेत बसून दिसत होतं. मास्तर तासभर बोलून जे समजावू शकले नाहीत ते मला तिच्याकडे बघून समजलं. ही जुनी नाटकं माणसं का करत राहतात, ते.

शेवटचा प्रवेश. सैनिक शव घेऊन आले. चौघांतल्या एकाचा पाय झग्यात अडकला, तो अडखळला, आणि त्यांनी शव ठरलेल्या जागेच्या बरंच डावीकडे ठेवलं. हे एवढंसं झालं. भावजींना ते कळायला काही मार्ग नव्हता.

ते सिंहासनावरून उठले. पायऱ्या उतरले. सुतळीवरून चालत आले, ताठ, मान वर, अगदी राजासारखे. बरोबर जागेवर गुडघ्यावर बसले आणि कापड काढायला हात पुढे केला. हाताखाली नुसता गालिचा.

नाट्यगृहात कुणी हलत नव्हतं. शव झालेला मुलगा श्वास रोखून पडलेला, त्याला बोलता येत नाही. बुरुजापाशी महाराज अंधार घेऊन बसलेले, त्यांना डोळे उघडता येत नाहीत. विंगेतून मी ‘डावीकडे’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्या शांततेत ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असतं. भावजींना अजूनही सावरता आलं असतं. मुलाला बघवत नाही असं दाखवून तोंड फिरवलं असतं, शेवटचं वाक्य म्हटलं असतं, पडदा पडला असता. त्यांना ते सुचलं नसेल असं मी मानत नाही. त्यांनी हात मागे घेतला. मग तोंड प्रेक्षकांकडे वळवलं, आणि नाटकभर जी ऐट त्या तोंडावर होती ती त्यांनी काढून टाकली.

ते खाली वाकले आणि शोधायला लागले. हवेत हात फिरवत नव्हते. तळवे गालिच्यावरून सरकवत, गुडघ्यांवर रांगत. मुकुट पडला, घरंगळत गेला, त्यांनी तिकडे मान वळवली नाही. भर दरबारात राजा रांगत होता. सैनिक झालेली माणसं भाले धरून उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, जे तालमीत कधी ठरलं नव्हतं. हाताला आधी पाय लागला. मग पट्टा, मग छाती. मग चेहरा. त्यांनी कापड काढलं नाही. कापडावरूनच बोटं कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून हळूहळू नेली, लाकडाला पॉलिश नीट बसलंय का बघावं तशी. मी आयुष्यात देवळात कधी इतकी गप्प उभी राहिलेली नाही.

आमच्या मंडळीत संहितेतला एक शब्दही कुणी बदलत नाही. भावजींनी शेवटचं वाक्य बदललं.

“मला दिसत नव्हतं,” ते म्हणाले. “मी कुणाला सांगितलं नाही.”

पडदा ओढणारा ओढायचा विसरला. मास्तरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. “हे तालमीत नव्हतं,” ते कुजबुजले, “हे तालमीत नव्हतं.” मग पडदा पडला आणि बाहेर टाळ्या. मास्तरांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि येईल त्याला सांगायला लागले की राजानं रांगावं हे त्यांच्या मनात फार दिवसांपासून घोळत होतं.

मी भावजींना कपडेपटात आणून बसवलं. त्यांना धाप लागली होती. झगा काढून हातात घेतला तेवढ्यात दार उघडलं आणि ताई आत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी जायला निघाले तर भावजी म्हणाले, “तू थांब. तुझ्या देखत सांगतो म्हटलं होतं.”

“सांगितलंत की,” ताई म्हणाली. “सगळ्या गावाला सांगितलंत. आता मला सांगा. कधीपासून?”

भावजींनी सांगितलं. कडा कधी गेल्या, मधलं कधी गेलं, डॉक्टर काय म्हणाले. एकदाही विनोद केला नाही. ताई उभ्यानं ऐकत होती.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला पुन्हा कुणाला चालवायला लागू नये म्हणून. तूच म्हणाली होतीस.”

“मी म्हणाले होते!” ताईचा आवाज असा चढला की बाहेरची बडबड थांबली. “वय काय होतं माझं? त्या वयात माणूस काहीही बोलतो. ते वाक्य तुम्ही उराशी धरून बसलात आणि मला काय केलंत ते ठाऊक आहे तुम्हाला?”

भावजींनी तोंड तिच्याकडे वळवलं.

“दिवाणखान्यात उभी होते मी. गेल्या महिन्यात. केस कापून आले होते, आयुष्यात पहिल्यांदा. सगळी वेणी कापून टाकली. तुमच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, कशी दिसते? तुम्ही तोंड वर करून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘नेहमीसारखी.’” ताईनं मानेवरून हात फिरवला. “रात्रभर रडले मी. मला वाटलं, झालं. हा माणूस आता माझ्याकडे बघायचाच थांबला. इतकी वर्षं झाली, कंटाळला असेल, मी म्हातारी झाले असेन. कुणाला सांगायचं हे? हिला सांगणार होते? महिनाभर मी आरशासमोर उभी राहून स्वतःला विचारतेय, माझं काय चुकलं.”

मी हातातला झगा छातीशी धरून कोपऱ्यात उभी होते. ताईचे केस मीही पाहिले होते, ‘बरी दिसतेस’ म्हणून कामाला लागले होते. भावजींचं तोंड रंगानं माखलेलं होतं आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.  त्यांनी नुसता हात पुढे केला, तिच्या आवाजाच्या दिशेनं, तिथेच थांबवला आणि म्हणाले, “बघू.”

 ताई त्यांच्यासमोर खाली बसली आणि डोकं त्यांच्या हाताखाली नेलं. बोटं भांगावरून मागे गेली, कानामागून खाली उतरली, आणि मानेपाशी केस एकदम संपले. हात तिथे रिकामा थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

“केवढे कापलेस गं,” भावजी म्हणाले.

“वाढतील,” ताई म्हणाली.